धुळीवर गुळाचा खडा

आमच्या शेठला कामगारांच्या तब्येतीची फार काळजी आहे. सुटी होताना प्लांटच्या दारात सुपरवायझर डबा घेऊन उभा राहतो आणि प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा एक खडा ठेवतो. गूळ खाल्ला की घशातली धूळ पोटात उतरते आणि पोटातून निघून जाते, असं शेठचं शास्त्र आहे. मी अकरा वर्षं तो गूळ खाल्ला. धूळ पोटात किती उतरली ते शेठलाच ठाऊक, माझ्या छातीत मात्र ती बिनचूक उतरली.

हे मी लिहायला घेतलं ते कोणाला कीव यावी म्हणून नाही. कीव मला भरपूर मिळाली, तिने एक श्वासही आत गेला नाही. आत्ता या घडीला कुठल्यातरी डाळमिलमध्ये, जिनिंगमध्ये, बियाण्याच्या प्लांटवर तोंडाला स्कार्फ बांधून एखादी बाई खोकत असेल आणि हवा बदलली म्हणून होतंय अशी स्वतःची समजूत घालत असेल. तिच्यासाठी लिहिते आहे. तिने वाचून मला शिव्या घातल्या तरी चालेल, पण वाचावं.

मशीनचं तोंड

प्लांट शेलूबाजारच्या बाहेर, हायवेला लागून आहे. सोयाबीन येतं, चाळण्यांवरून जातं, फुटकं-बारीक वेगळं निघतं. चांगल्या बियाला गुलाबी औषधाची पावडर लागते आणि ते पिशव्यांत भरून शेतकऱ्याकडे परत जातं. माझी जागा मशीनच्या तोंडाशी. हमाल पोतं उलटं करणार, मी त्यातले दगड, काड्या, ढेकळं हाताने काढणार आणि बी आत लोटणार. पोतं उलटं झालं की समोर उभा असलेला हमाल काही वेळ दिसत नाही. मशीन बंद पडलं की पावडरीच्या कामावर पाठवायचे. त्या दिवशी घरी येऊन शिंकलं की रुमाल गुलाबी व्हायचा.

मास्क होते. कोणी साहेब पाहणीला येणार असले की सुपरवायझर निळे मास्क वाटायचा आणि साहेबाची गाडी वळली की मोजून परत घ्यायचा. पुढच्या साहेबाला लागतात म्हणून.

ही जागा आधी माझ्या सासूची होती. घरात सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात, मीही म्हणते. नऊ वर्षं त्या त्या तोंडाशी उभ्या होत्या. मग गुडघे गेले म्हणून घरी बसल्या आणि मला तिथे नेऊन उभं केलं. आमच्या प्लांटवर तशी रीतच आहे. एक बाई गेली की तिच्याच घरातली दुसरी येते. शेठला नवीन माणूस शिकवावं लागत नाही आणि घराला वाटतं की आपली जागा राखली. लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगतात, पोरीच्या सासरी प्लांटवर जागा आहे. मीही तोऱ्यात गेले होते पहिल्या दिवशी, नवी चप्पल घालून.

पुडीचं यश

खोकला कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. पहाटे जाग यायची, छातीवर कोणी बसलंय असं वाटायचं, उठून बसलं की बरं. रविवारी बरी असायचे. सोमवारी दुपारपासून पुन्हा सुरू. हे इतकं उघड होतं की दुसरीतल्या पोरानेही ओळखलं असतं, पण मी बारावी शिकलेली बाई, मला कसं कळणार.

एका वर्षी ऐन मोसमात प्लांटची विजेची डीपी जळाली आणि नऊ दिवस काम बंद पडलं. त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने, गजाननने, एक पुडी आणली. तो शेलूबाजार ते मंगरूळपीर काळीपिवळी चालवतो आणि जगातलं सगळं ज्ञान त्याला पाठीमागच्या सीटवरून मिळतं. कोणा प्रवाशाने ती राखाडी पुडी दिली होती, मधातून घ्यायची. मी घेतली. चौथ्या दिवसापासून खोकला गेला, जिना चढले, पोटभर झोपले. गजाननने गल्लीभर सांगितलं. सात-आठ घरांतली माणसं पुड्या घेऊन गेली, एक तर नागीण झालेला माणूसही घेऊन गेला.

डीपी बसली, मशीन सुरू झालं, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा धापा टाकायला लागले. तेव्हा सगळ्यांनी एकमताने ठरवलं की मी पथ्य मोडलं. कोणी मला केळ खाताना पाहिलं होतं म्हणे. डीपीचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नाही, माझ्याही नाही.

डॉक्टरने विचारलं तेव्हा

मग मंगरूळपीरला एका डॉक्टरकडे गेलो. सोबत आत्याबाई. तो माझ्याकडे पाहून आणि मोबाइलवर बोलून झाल्यावर म्हणाला, "घरात कोणाला दमा आहे का? आई, वडील?"

आत्याबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "नाही."

आता हे नीट सांगते, कारण माझ्या आजारातला सगळ्यात मूर्ख शब्द हाच. माझं माहेर किन्हीराजा. माझ्या आईला दमा होता. मला कळायला लागल्यापासून तिला मी भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेलीच जास्त पाहिली. पण गावात कोणी दमा हा शब्द उच्चारायचा नाही. आमच्याकडे म्हणायचे, तिला थंडी बाधते. मला पाहायला सासरची माणसं आली त्या दिवशी आईला मामाकडे पाठवून दिलं होतं आणि पाहुण्यांना सांगितलं, ती शेतात पिकाच्या सोंगणीला, कापणीला गेली. लग्नात ती मागच्या खोलीत बसून होती. दम्याच्या घरची पोरगी कोण करेल, म्हणून सगळं घर खोटं बोललं, आणि ते खोटं जपायचं काम माझ्याकडे आलं. बावीस वर्षं मी ते चोख केलं. आई गेली तेव्हाही सासरी हार्ट सांगितलं.

तर मी नाही म्हटलं, आणि डॉक्टरला तेच हवं होतं. टीबीची शंका काढली, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. लाल औषधाची बाटली आणि गोळ्या. मी काम काय करते हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर आत्याबाईंनी अभिमानाने सांगितलं असतं. पुढे सहा महिने मी त्या लाल बाटल्या रिचवल्या. मी हो म्हटलं असतं तर त्याने काय दिवे लावले असते कोण जाणे, पण त्याला सुटायला वाट मी दिली, हे खरं आहे.

काळीपिवळी

दिवाळीनंतर माल तुटून पडतो. अशाच एका दुपारी ओळीने बारा-पंधरा पोती उलटी झाली आणि माझा श्वास आत जाईना. खरं तर आत जात होता, बाहेर येत नव्हता. छाती फुगून राहिलेली आणि वर जागाच नाही. हमालाला थांब म्हणायचं होतं, "थां" म्हटलं आणि पुढचं अक्षर निघालं नाही. तो समजला, त्याने पोतं खाली टाकलं. सुपरवायझर आला, म्हणाला, "काय झालं वं, सकाळी तं चांगली होती." मग त्याने काय करावं? त्याने गुळाचा डबा उघडला. मी मरायला टेकले होते आणि हा माणूस माझ्या तोंडाशी गुळाचा खडा धरून उभा होता. त्या क्षणी भीतीपेक्षा मला त्याची किळस जास्त वाटली, आणि मला वाटतं, त्या किळसेनेच मला पुढचा तास तग धरायला लावलं.

हमालाने गजाननला फोन केला. तो रस्त्यातच होता, प्रवाशांसकट आला. मला पुढे बसवलं आणि गाडी सरळ वाशिमकडे वळवली. मागच्या प्रवाशांना मंगरूळपीरला जायचं होतं, पण माझी अवस्था पाहून कोणी काही बोललं नाही. एक म्हातारा तेवढा बोलला. वाशिमच्या वाटेवरचा एक फाटा त्याच्या गावाला नाहीतरी जवळचाच होता, तो म्हणाला, "मले इथी उतरवून द्या." आणि गजानन थांबला. बायको शेजारी निळी पडत चाललेली आणि हा गृहस्थ फाट्यावर गाडी लावून म्हाताऱ्याची पिशवी टपावरून काढून देतोय. नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात तो भिंतीकडे तोंड करून रडला. म्हणाला, "मले समजलंच नाही, पाय आपोआप ब्रेकवर गेला." मी त्याला माफ केलं आहे. विसरले मात्र नाही आणि विसरणारही नाही.

वाशिमचे पाच दिवस

सरकारी दवाखान्यात तोंडावर मास्क चढवला, त्यातून वाफेसारखं औषध येत होतं. पहिला पूर्ण श्वास बाहेर पडला तेव्हा मला आई दिसली. तिला हे कोणी कधी दिलंच नाही. तिला आम्ही ओव्याचा शेक दिला आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवलं. मास्कच्या आत मी इतकी रडले की सिस्टरने येऊन रागावून सांगितलं, रडू नका, औषध वाया जातं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. गजानन चहा आणायला गेला होता. त्यांनी एका नळीत फुंकायला लावलं, आकडे पाहिले, आणि खाटेवर बसून विचारलं, "काम काय करता?"

सांगितलं.

"सुटीच्या दिवशी कसं वाटतं?"

इतक्या वर्षांत इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बरं वाटते." आणि म्हणता म्हणता मला डीपी आठवली, पुडी आठवली, ते नऊ दिवस आठवले, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी न विचारता पुढचं सांगून टाकलं. "मॅडम, माह्या मायले दमा व्हता. मी आतापर्यंत कोणाले सांगतलं नाही."

त्यांनी नुसतं लिहून घेतलं. त्यांच्या दृष्टीने ते इतकंच होतं, कागदावरची एक ओळ. मग समजावून सांगितलं. आईला दमा असला म्हणजे मुलीला होतोच असं नाही, पण छाती हळवी असण्याची शक्यता वाढते. त्या हळव्या छातीवर रोज आठ तास सोयाबीनची धूळ आणि पावडर पडली की काय होणार? "एकटी धूळसुद्धा माणसाला आजारी पाडते," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत दोन्ही एकत्र आलं." आणि पेन बंद करता करता विचारलं, "मूलबाळ?"

"एक पोरगी. पल्लवी. वीस वर्सांची."

"तिला कधी सर्दी, शिंका, अंगावर खाज?"

लहानपणी पल्लवीच्या कोपरांच्या आत नेहमी खरूज असल्यासारखं व्हायचं. सोंगणीच्या दिवसांत ती सकाळी ओळीने शिंकते, आम्ही हसतो तिला. मी हे सांगितलं.

"तिला त्या प्लांटवर जाऊ देऊ नका," मॅडम म्हणाल्या.

मशीनसमोर घुसमटले तेव्हा मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी तेव्हा घाबरले. कारण मला घरचं माहीत होतं. जागा रिकामी झाली होती आणि घरात एक बाई शिल्लक होती.

वॉर्डात भेटायला येणारे शहाणे रोज येत होते. तोंडाने ओढायचा दम्याचा पंप हातात पाहिला की चेहरा पाडायचे. एकीने तर माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं, "पंप मंजे आखरीचं असते बाई, आता संभाळून राह्य." मी तिला म्हटलं, तुझ्या चष्म्यालाही कोणी आखरीचं म्हटलं होतं का? ती पुन्हा आली नाही, आणि वॉर्डाला आराम पडला. सिस्टरने पाण्याच्या बाटलीला भोक पाडून त्यातून पंप कसा ओढायचा ते शिकवलं. रोजचा वेगळा, धाप लागल्यावरचा वेगळा. घेतल्यावर चूळ भरायची. चौथ्या दिवशी डबा उशिरा आणला म्हणून मी गजाननला एका दमात, मध्ये न थांबता, चार वाक्यं सुनावली. तो चेहरा उजळून ऐकत होता. आमच्या संसारात शिव्या खाऊन तो इतका खूश कधी झाला नव्हता.

सांगून टाकलं

घरी आले तर आत्याबाईंनी पल्लवीसाठी माझे दोन जुने स्कार्फ धुऊन ठेवलेले. सोमवारपासून जायचं ठरलं होतं. पल्लवी टायपिंगच्या क्लासला जात होती, तो बंद करून ती कामाला तयारही झाली होती, कारण ती शहाणी पोरगी आहे आणि शहाण्या पोरी घरासाठी काहीही करतात. मलाही कोणीतरी शहाणीच म्हटलं होतं.

मी म्हटलं, पल्लवी जाणार नाही.

"काहून?" आत्याबाई म्हणाल्या. "जागा गेली तं परत भेटत नाही. तिथी चार जनी टपून बसल्या हाय."

मी डॉक्टरांचं नाव सांगून पाहिलं. त्यांनी उडवून लावलं. म्हणाल्या, डॉक्टर तर पाण्यालाही नाही म्हणतात. एकाला झालं म्हणजे सगळ्यांना होतं काय? आणि तो प्रश्न बरोबर होता. पल्लवीला का होईल, याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी बावीस वर्षं दाबून बसले होते. मॅडमला सांगणं सोपं होतं, मॅडम माझ्या सासू नव्हत्या.

मी सांगितलं. मामाकडे पाठवलेल्या आईपासून हार्टपर्यंत सगळं. गजानन खाली बघत राहिला. आत्याबाई म्हणाल्या, "बावीस वर्सं माह्या घरात खोटं बोलली तू." आणि उठून बाहेर गेल्या. त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गल्लीत मात्र सगळ्यांशी बोलल्या. दम्याच्या घरची पोरगी आमच्या गळ्यात मारली, हे शेलूबाजारात ज्याला माहीत नव्हतं त्याला त्या आठवड्यात कळलं. स्कार्फ तसेच दोरीवर होते. सोमवारी पल्लवी कामावर गेली नाही, कारण मी दारात बसून राहिले. पण पुढच्या सोमवारचं कोणी काही सांगू शकत नव्हतं.

खानदानी बीमारी

बोभाटा प्लांटवर पोचला आणि शेठने मला बोलावणं पाठवलं. आत्याबाई न बोलता सोबत निघाल्या. मला वाटलं, पल्लवीची जागा पक्की करायला निघाल्या. गजानन गाडीत बाहेर थांबला.

शेठच्या ऑफिसात काचेचं दार आहे, आत धूळ येत नाही. टेबलावर एक कागद टाइप करून तयार होता. माझा दम्याचा आजार आनुवंशिक असून त्याचा प्लांटमधील कामाशी काहीही संबंध नाही, खाली सहीची जागा. माझं वाचून झाल्यावर शेठ मायेने म्हणाला, "सही कर अन् पोरीले सोमवारपासून पाठव. तुह्यासाठीच जागा थांबवली मी. ही खानदानी बीमारी हाय, तुह्या मायची. आता त्याले मी काय करू?"

मी म्हटलं, "शेठ, तुमी बियान्याचा धंदा करता. गोदामात बी वर्सभर पोत्यात राह्यते, उगवते काय? ओल लागल्यावरच उगवते ना?"

"हे डॉक्टरनं शिकवलं काय तुले?"

"नाही. तुमच्याच प्लांटवर शिकली."

तो हसला. मोठ्या मनाचा माणूस आहे, बायकांच्या बोलण्याला हसतो. मग माझा नाद सोडून त्याने आत्याबाईंकडे खुर्ची वळवली. "मावशी, तुमचीच फसवनूक झाली ह्यात. आता तुमीच सांगा. तुमी नऊ वर्सं त्याच मशीनवर होत्या. तुमाले झाला काय दमा? ठनठनीत हाय का नाही? मंग मशीनचा काय दोष?"

आत्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "माहे गुडघे चांगले हाय."

शेठला कळलं नाही. मलाही.

"गुडघ्यासाठी नाही सोडलं म्या काम. दम पुरत नव्हता. पोतं उलटं झालं का डोळ्यापुढं अंधारी ये. सांगतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, बीमार घरची बाई नाही पाह्यजे, अन् जागा दुसरीले देली असती. मून गुडघे सांगतले." त्या थांबल्या, दोन श्वास घेतले. अकरा वर्षं मी त्यांचं ते थांबणं म्हातारपण समजत होते. "हिच्या मायले दमा व्हता. माह्या मायले नव्हता, बापाले नव्हता, सात पिढ्यात कोनाले नव्हता. मंग मले कोनाच्या खानदानीतून आला, सांगा."

शेठने चहा मागवला. दुसरं काही सुचलं नाही की तो चहा मागवतो. आम्ही चहा न घेता उठलो. कागद मी सही न करता त्याच्या टेबलावर उलटा ठेवला.

इथे मला सासूचा अभिमान वाटला असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. मला वाटला नाही. गाडीत बसेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. मी म्हटलं, "तुमाले मालूम होतं. अन् तरी मले तिथी उभं केलं."

"तुही छाती हळवी हाय, हे मले कुठी मालूम होतं?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, मी बुढी झाली मून झालं. तू जवान होती."

"तुमी सांगतलं असतं तं?"

"तू सांगतलं असतं तं?"

गजाननने गाडी सुरू केली. दोघींनी आपापलं खोटं जिवापाड सांभाळलं, एकमेकींपासून, एकाच स्वयंपाकघरात, आणि त्याचं पीक शेठने काढलं. आम्ही दोघी इतक्या हुशार होतो.

दोरीवरचे स्कार्फ आत्याबाईंनीच काढले. एकाचं फरशी पुसायचं फडकं केलं.

आता

मी रोज पंप घेते. मिरवत नाही, पण लपवतही नाही. पल्लवीचा क्लास पुन्हा सुरू आहे. तिची फुंकून तपासणी झाली, आज तरी ठीक आहे, सोंगणीत शेताकडे जाताना ती तोंड झाकते. आत्याबाईंनाही वाशिमला नेलं. त्या पंप घेतात आणि चूळ भरायला विसरतात, मी ओरडते, त्या उलट ओरडतात. मशीनवर धूळ ओढणारी यंत्रणा हवी आणि वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी हवी, असा अर्ज आम्ही सरकारी कार्यालयात दिला आहे. त्यावर आम्हा दोघींच्या सह्या आहेत आणि ज्या हमालाने पोतं खाली टाकलं त्याचा अंगठा.

कामावर गेल्यावर वाढतं आणि सुटीत कमी होतं, असं असेल तर पुड्या, केळी, हवा यांना दोष देत बसू नका. डॉक्टरने विचारलं नाही तर स्वतः सांगा, मी अमुक काम करते. आणि घरात दमा असेल तर हो म्हणा. शेजारी सासू बसलेली असली तरी.

शेठही शिकला. आपल्या पद्धतीने. मशीनवर त्याने काही बसवलं नाही, एक फॉर्म मात्र छापला. नवीन बाई कामावर घेताना तो भरून घेतात. त्यात विचारलं आहे, आपल्या घरात कोणास दमा आहे काय? आहे म्हणणारीला काम नाही. त्यामुळे शेठच्या प्लांटवर आता फक्त निरोगी खानदानाच्या बायका आहेत. मशीनच्या तोंडाशी, माझ्या जागी, तिसऱ्या घरची मंदा लागली. लग्न होऊन दोन वर्षं झालेली पोरगी.

परवा संध्याकाळी ती मागच्या दाराने आली. म्हणाली, "काकू, तुमचा तो पंप कोनत्या दुकानात भेटते?"

"कोनाले पाह्यजे?"

"पाहुनी आली हाय घरी. तिच्यासाठी." एवढं बोलायला ती मध्ये एकदा थांबली.

"फॉर्मवर काय लिहिलं तू?"

ती खाली पाहून म्हणाली, "'नाही' लिहिलं. सगळ्या जनी 'नाही'च लिहितात."

आत्याबाई आत भाजी निवडत होत्या. हातातली जुडी टाकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उद्याची रोजी बुडव. वाशिमले चाल, आमी दोघी येतो तुह्यासंगं."

"जागा जाईन ना, आजी."

"जागा कुठी जाते? वीस वर्सं झाले, तिथीच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बायाच गेल्या."

मंदा उंबरठ्यावर टेकली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. तिचा श्वास मला चुलीपाशी ऐकू येत होता.